ग्रंथ निर्दोष आहे काय?

मध्ययुगीन युरोपचा इतिहास आणि संस्कृती यांवरील संदर्भकोश मूल्यमापनासाठी आमच्या ग्रंथमान्यता मंडळाकडे आला, तेव्हा मंडळात कसलीही खळबळ उडाली नाही. मंडळात खळबळ उडण्याची पद्धत नाही. तीन छापील खंड आणि चौथ्या खंडाचे हस्तलिखित हातगाडीवरून आले, आवक खिडकीत त्यांच्यावर शिक्का बसला आणि माझ्या टेबलाची डावी बाजू त्या दिवसापासून दिसेनाशी झाली. मी मंडळाचा सचिव. मंडळाकडे जे येते ते नीट बांधून पुढे सरकवणे हे माझे काम आहे, आणि त्यात आजवर कोणी बोट ठेवलेले नाही.

कोश लिहिणारे गृहस्थ इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सरांनी आपले अर्धे आयुष्य या कोशात घातले होते. प्रकाशकाने त्यांना स्वच्छ सांगून ठेवले होते की मंडळाची मान्यता मिळाली तर ग्रंथालये कोश घेतील, आणि ग्रंथालयांनी घेतला तरच चौथा खंड छापला जाईल. नाहीतर तीन खंड रद्दीत आणि चौथा सरांच्या घरी. इकडे सरांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. चौथा खंड छापून हातात यावा आणि तोही आपल्याला वाचता येतोय तोवर यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. हे मला त्यांच्या मुलीने सांगितले. ती त्यांचा हात धरून मंडळात येई आणि माझ्याकडे असे बघे, की जणू सरांच्या डोळ्यांत काचबिंदू मीच नेऊन ठेवला आहे.

"काका, झाला का वाचून?" ती विचारी. ती माझ्याहून फार लहान नसावी, पण टेबलामागे बसलेल्या माणसाचे वय लोक जरा वाढवूनच धरतात.

"वाचून?" मी म्हणालो. "ताई, ही मान्यता समिती आहे."

समितीवर माझ्याखेरीज तिघे होते. अध्यक्ष रस्ते विभागातून निवृत्त झालेले. त्यांचा अभ्यासाचा विषय अध्यक्षपद हाच होता आणि त्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. दुसरे सदस्य युरोपतज्ज्ञ. ते पत्नीसह सहलीने युरोपला जाऊन आले होते आणि अजून पुरते परतले नव्हते. तिसऱ्या, मंडळाच्या विधी अधिकारी बाई. त्यांना शब्द दिसला की त्याचा अर्थ काढल्याशिवाय राहवत नसे, आणि अर्थ काढला की तो त्या परत आत घालू देत नसत.

पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी चहा येण्याआधीच मूलभूत तत्त्व सांगून टाकले.

"हा संदर्भग्रंथ आहे. संदर्भग्रंथ वाचायचा नसतो, पाहायचा असतो. वाचला तर तो संदर्भग्रंथ राहत नाही, पुस्तक होतं. आपल्याकडे पुस्तक आलेलं नाही."

हे तत्त्व सर्वानुमते मंजूर झाले. मग समितीने कोश पाहिला. अध्यक्षांनी पहिला खंड उचलला, परत ठेवला आणि 'भारदस्त आहे' असा अभिप्राय दिला. तो वजनाविषयी होता की विषयाविषयी, हे विचारण्याचा आगाऊपणा मी केला नाही. दोन्ही रकान्यांत तोच लिहिला. बाईंनी बांधणी पाहिली. युरोपतज्ज्ञांनी दुसरा खंड नुसता हातात घेतला, तर तो आपण होऊनच एका चित्रावर उघडला.

"हे काय, प्लेग?" ते म्हणाले. "इतका मोठा? अहो, मी स्वतः जाऊन आलोय. काय ती स्वच्छता! रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला तर शपथ."

"तो मध्ययुगातला असेल," मी म्हणालो.

"असेल ना. पण माणसं तीच. आमचा गाईड चार तास बोलत होता, प्लेगचं नावसुद्धा काढलं नाही त्याने. असं काही असतं तर तिकिटात दाखवलं नसतं का?"

युरोपतज्ज्ञांची हरकत नोंदवून घेतली. तरीही इथवर सगळे रीतीला धरून चालले होते. मूल्यमापनाच्या प्रपत्रातले रकाने भरत भरत आम्ही शेवटच्या प्रश्नापर्यंत आलो : 'ग्रंथ निर्दोष आहे काय?' या प्रश्नापुढे आजवर प्रत्येक ग्रंथाला 'होय' लिहिले गेले आहे. एकदा मंडळाच्याच दूरध्वनी निर्देशिकेला लिहिले होते, तीत मंडळाचा नंबर चुकीचा होता. मी सवयीने 'हो' काढला आणि 'य' काढणार, एवढ्यात बाईंनी पेनावर हात ठेवला.

"कशाच्या आधारावर?" त्यांनी विचारले.

"म्हणजे, सगळ्यांनाच लिहितो आपण."

"निर्दोष हा कायद्यातला शब्द आहे. कुणालाही उगाच निर्दोष म्हणता येत नाही. आधी आरोप लागतो, मग सुनावणी, मग निर्दोष. ज्याच्यावर आरोपच नाही तो निर्दोष नसतो. तो नुसताच असतो."

अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवले होते, ते तिथेच राहिले. इतकी वर्षे आपण शेकडो ग्रंथांना विनाचौकशी सोडून दिले, ही जाणीव सर्वांच्याच चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मग करा काहीतरी आरोप."

आरोप करायचा तर दोष सापडायला हवा, आणि दोष सापडायचा तर ग्रंथ वाचायला हवा. वाचायचा नाही, हे तत्त्व तर नुकतेच मंजूर झालेले. प्रकरण इथेच अडले असते आणि कोश माझ्या टेबलावर सुखाने राहिला असता. पण सर पडले प्रामाणिक माणूस. दुसऱ्या खंडाच्या शेवटी त्यांनी स्वतःहून एक शुद्धिपत्र जोडले होते. बाई पुन्हा एकदा बांधणी पाहत असताना ते त्यांच्या मांडीवर पडले.

"हा तर कबुलीजबाब आहे," बाई हरखून म्हणाल्या. "आरोपीने स्वतः लिहून दिलाय. ऐका : 'मठवासी विद्वान ऐवजी मठ्ठवासी विद्वान असे छापले गेले आहे.'"

"हे कुणाला उद्देशून आहे?" अध्यक्षांनी विचारले.

मी म्हणालो की हा बहुधा छापखान्याचा दोष असावा. बाईंनी लगेच 'दोष' या शब्दाखाली रेघ ओढली. सचिवानेच दोष असल्याचे मान्य केले आहे, असे त्या दिवशीच्या इतिवृत्तात आहे. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे ते अचूक आहे.

सुनावणीला सर मुलीसह आले. मुलीने त्यांना खुर्चीत बसवले आणि स्वतः मागे उभी राहिली. सरांना वाटले होते की समितीला ग्रंथाविषयी काही शंका असतील. त्यांनी येताना जाड भिंग आणि टिपणांची पिशवी आणली होती.

"आरोपी हजर आहे का?" बाईंनी विचारले.

"हो, आलोय ना," सर म्हणाले.

"तुम्ही नाही. आरोपी टेबलावर आहेत. तुम्ही पालक."

शुद्धिपत्र कोणी लिहिले, असे विचारल्यावर सरांनी मीच लिहिले असे सांगितले. कोणाच्या दडपणाखाली लिहिले का, असे विचारल्यावर ते गोंधळले.

"दडपण कसलं? चूक राहिली होती, ती सांगितली. वाचणाऱ्याची दिशाभूल नको."

"म्हणजे दिशाभूल होण्याची शक्यता तुम्हाला मान्य आहे."

"अहो बाई, निर्दोष म्हणजे इथे बिनचूक. साधा अर्थ आहे. आणि संपूर्ण बिनचूक असा ग्रंथ जगात नसतो."

"साधाच अर्थ घ्यायचा असता तर मला कशाला नेमलं असतं?" बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "लिहून घ्या. पालकाने इतर सर्व ग्रंथांवरही आरोप केला आहे."

"काका, तुम्ही तरी सांगा ना काही," मुलगी मला म्हणाली. मी लिहून घेत होतो.

आता प्रश्न आला की ग्रंथाची सुनावणी घ्यायची कशी. ग्रंथ शपथ घेत नाही, उलटतपासणीला बधत नाही. नियमावलीत याबद्दल अवाक्षर नव्हते, फक्त एक कलम होते : जिथे नियम गप्प आहेत, तिथे त्या विषयातील तज्ज्ञाच्या मताने चालावे. सगळे युरोपतज्ज्ञांकडे पाहू लागले. त्यांना तिकडच्या हॉटेलांतल्या न्याहारीबद्दल बरेच सांगता आले, पण ते इथे लागू पडत नव्हते. तेव्हा अध्यक्षांनी जांभई दाबत, नुसता वेळ जावा म्हणून, सरांना विचारले, "काय हो, त्या काळी कसं ठरवायचे, कोण निर्दोष ते?"

मला त्या क्षणीचा सरांचा चेहरा आठवतो. आयुष्यभर ज्या विषयावर ते लिहीत बसले, त्याविषयी त्यांना कोणीतरी समोरासमोर, आपण होऊन, पहिल्यांदाच काही विचारत होते. ते खुर्चीतून अर्धे उठले. डोळ्यांना दिसत नव्हते तेवढे सगळे त्यांना दिसायला लागले.

"वा! फार सुंदर प्रश्न विचारलात साहेब! दिव्य करायला लावायचे. म्हणजे कसं, आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरून चालायचं. मग हात बांधून ठेवायचा आणि तीन दिवसांनी सोडून बघायचं. जखम स्वच्छ भरत असेल तर माणूस निर्दोष."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब गं. किंवा पाण्याचं दिव्य! आरोपीला बांधून पाण्यात सोडायचं. धर्मगुरूंनी आशीर्वाद दिलेलं पाणी ते. असं पवित्र पाणी पाप्याला पोटात घेणार नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून तरंगला तर दोषी, बुडाला तर निर्दोष."

"बुडाला तर निर्दोष?" अध्यक्षांनी खात्री करून घेतली.

"हो. मग लगेच वर ओढून काढायचे. बहुधा."

"माणसांनाच ना? की इतरांनाही?" बाईंनी पेन सरसावून विचारले.

"दिव्य माणसांनाच. पण खटले म्हणाल तर डुकरांवरसुद्धा चालायचे! रीतसर, न्यायाधीशासमोर, साक्षीपुराव्यानिशी. तो एक मजेदारच भाग आहे, तिसऱ्या खंडात..."

"बाबा, पुरे आता," मुलीने त्यांची बाही ओढली.

"अगं, इतक्या वर्षांत कुणीतरी विचारतंय!"

"म्हणजे मनुष्येतर आरोपीला पूर्वदाखला आहे," बाई समाधानाने म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली. फाइल मिटण्याचा तो आवाज ऐकून सर थांबले. आपण शिकवत नव्हतो, साक्ष देत होतो, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले असावे.

"पण हे सगळं पुढे बंद पडलं," ते घाईघाईने म्हणाले. "धर्मगुरूंनी यात भाग घ्यायचा नाही, असा चर्चनेच हुकूम काढला. तेराव्या शतकात!"

"तो हुकूम आमच्या कार्यालयाला प्राप्त झालेला नाही," बाई म्हणाल्या.

मी आवक नोंदी तपासल्या. खरोखरच झालेला नव्हता.

तापलेल्या लोखंडाला अग्निसुरक्षा विभागाने नकार दिला. शिवाय ग्रंथाला हात नाहीत, अशी एक बारीक अडचण होतीच. पाण्याची मात्र उत्तम सोय होती. मंडळाच्या आवारात कारंज्याचा एक मोठा हौद आहे. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी उडाले होते, त्यानंतर ते विश्रांती घेत आहे. हौद भरून घेण्याचे ठरले. त्याच वेळी बाईंनी सूचना मांडली की चारही खंडांची परीक्षा एकदमच व्हावी आणि चौथ्या खंडाची मूळ प्रतच पाण्यात सोडावी, कारण एकाच्या जागी दुसऱ्याला शिक्षा देणे न्यायाला धरून नाही.

चौथा खंड म्हणजे सरांच्या हातचे लिखाण होते. शाईच्या पेनाने, निळ्या शाईत, गठ्ठ्यावर गठ्ठे. मुलीने शहाणपणाने त्याच्या छायाप्रती काढून ठेवल्या होत्या. बाईंना हे कळताच त्यांनी दाखवून दिले की नक्कल अस्तित्वात असेल तर मूळ प्रत फक्त तुलनेने मूळ ठरते. म्हणून सर्व नकला मंडळाकडे जमा करून नष्ट कराव्यात आणि अन्यत्र प्रत नाही असे हमीपत्र द्यावे, असे ठरले.

मुलगी ते हमीपत्र वाचून लालबुंद झाली.

"बाबा, सही करायची नाही. ही माणसं बुडवतील हो तुमचा ग्रंथ!"

"अगं, बुडवतील म्हणजे काय, कागदोपत्री बुडवतील," सर हसून म्हणाले. "या कार्यालयात आजवर कुठली गोष्ट कागदाबाहेर झालीय? हौद भरला, खंड सोडला, खंड बुडाला, शिक्का. झालं! मला चौथा खंड हातात घ्यायचाय, बाळ. एका सहीसाठी अडवू नकोस."

"आणि खरंच टाकला तर?"

"सरकारी माणसं आहेत ती. खुळी नाहीत."

सरांनी भिंग डोळ्याला लावले आणि सही केली. त्यांचा तर्क एरवी शंभर टक्के खरा होता. आम्हीही कागदोपत्रीच बुडवणार होतो. पण हौदाचे पाणी टँकरने आले होते, त्यावर खर्ची पडलेली रक्कम वापरली गेल्याचे वर्षाअखेरीला दाखवायचे होते, आणि लेखापरीक्षक हौदाशी येऊन उभे राहणार होते. आमचा नाइलाज होता.

दिव्याच्या दिवशी आवार माणसांनी फुलून गेले. खिडक्याखिडक्यांतून कर्मचारी दाटीवाटीने उभे होते. इतर दिवशी ते जागेवर सापडत नाहीत, त्या दिवशी एकही रजेवर नव्हता. पाण्याला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरू मागवण्याऐवजी आरोग्य निरीक्षकांना बोलावले होते. त्यांनी 'पिण्यास अयोग्य' असा दाखला दिला, तोच आशीर्वाद म्हणून फाइलला लावला. अध्यक्षांनी परंपरा आणि पारदर्शकता यांवर भाषण केले. पाणी गढूळ होते, त्यामुळे दुसरा शब्द आला की लोक हौदाकडे पाहत.

पहिला खंड सोडला. तो सरळ तळाला गेला. टाळ्या पडल्या. जाड गुळगुळीत कागद वापरणाऱ्या प्रकाशकाला इतके दिवस आम्ही नावे ठेवत होतो, त्याचा हेतू आज कळला. दुसरा खंड मात्र तरंगला. प्लेगचा खंड तो. पुठ्ठ्यात हवा धरली असावी. तो झोकात गोल गोल फिरू लागला.

"मी म्हणत होतो!" युरोपतज्ज्ञ ओरडले. "दोषी!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "किती वेळ तरंगायचं ते ठरलेलं नाही."

सर हौदाच्या कठड्याशी आले. दोन्ही हातांनी कठडा धरून, पाण्यावर वाकून, आपल्या आयुष्यभराच्या कामाला ते पुटपुटत विनवू लागले, "बुड रे. बुड बाबा. बुड लवकर." असे वडील मी याआधी पाहिले नव्हते. खंडाने एक बुडबुडा सोडला आणि तो खाली गेला. सरांनी डोळे पुसले आणि हात जोडले, कोणाला ते कळले नाही. तिसरा खंड विनातक्रार बुडाला. डुकरे त्यातच होती.

मग चौथा. गठ्ठ्यांची दोरी पाण्यात पडताक्षणी सुटली आणि पाने सगळ्या हौदभर पसरली. काही तरंगत होती, काही बुडत होती, काहींचे अजून ठरायचे होते. प्रत्येक पानाची जबाबदारी स्वतंत्र धरायची की सामुदायिक, यावर बाई आणि अध्यक्ष यांच्यात कठड्यापाशीच चर्चा सुरू झाली. तेवढ्यात पाण्यात निळसर रेघा दिसू लागल्या. बघता बघता त्या एकमेकींत मिसळल्या.

मुलगी चपलांसकट हौदात उतरली. कमरेइतक्या पाण्यात ती दोन्ही हातांनी पाने गोळा करू लागली.

"बाबा, शाई चाललीय! सगळं चाललंय!"

"सोड ती! वर ये!" सर ओरडले. "तरंगलेली धरलीस तर दोषी ठरवतील! बुडू दे, बुडलं तरच छापतील गं!"

ती पाने छातीशी धरून तशीच उभी राहिली. त्यांतून निळे पाणी तिच्या कपड्यांवर ओघळत होते. मला मनापासून वाईट वाटले. वाईट वाटल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी का, असे मी अध्यक्षांना विचारले. ते म्हणाले, "किरकोळमध्ये घ्या." शेवटी तिने हातातली पाने सोडून दिली. सरांनी तिला कठड्यावरून वर ओढून घेतले, आणि दोघे भिजलेल्या अंगाने पाण्याकडे बघत बसून राहिले, पाने एकेक करून खाली जाईपर्यंत.

पाने बाहेर काढून मंडळाच्या व्हरांड्यात दोऱ्यांवर वाळत घातली. बाईंनी जातीने प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी तपासले. कुठे अशुद्ध लेखन नाही, मुद्रणदोष नाही, सन चुकलेला नाही, कोणाला उद्देशून काही नाही. मठ्ठ तर नाहीच, मठही नाही. पाने स्वच्छ, किंचित निळसर आणि कोरी होती.

"एवढ्या समित्या केल्या," अध्यक्ष म्हणाले, "पण इतका निर्दोष ग्रंथ नव्हता पाहिला."

चारही खंडांना मान्यता मिळाली. पहिले तीन निर्दोष आणि चौथा सर्वोत्कृष्ट निर्दोष ठरला. मान्यताप्राप्त प्रतीत एका अक्षराचाही फेरफार करता येत नाही, असा नियम असल्यामुळे प्रकाशकाने चौथा खंड बरहुकूम छापला. भक्कम पुठ्ठा, सोनेरी नाव, आत काही नाही. ग्रंथालयांनी तो हातोहात घेतला. एका वृत्तपत्रातल्या परीक्षणात, लेखकाने या खंडात कमालीचा संयम दाखवला आहे, असे म्हटले होते. प्रकाशन समारंभात युरोपतज्ज्ञ भरभरून बोलले. प्लेगचा उल्लेखही नसल्यामुळे हाच खरा युरोप, असे त्यांनी सांगितले.

सरांना त्यांची प्रत द्यायला मी स्वतः गेलो. खरे तर मला जायला धीर होत नव्हता, पण पोच घ्यायची होती. सरांनी खंड मांडीवर घेतला. हाताने पुठ्ठा चाचपला, मग उघडून पान डोळ्यांशी नेले, मग दुसरे, मग मधलेच एक. मुलगी दाराशी उभी होती. मग सरांनी पानावर अंगठा घासून पाहिला.

"कागद बरा लावलाय," ते म्हणाले. "शाई फुटणार नाही यावर. पेन आण गं. मला काही आता दिसत नाही, मी सांगतो, तू लिही. पहिली नोंद आठवते का तुला?"

"आठवते, बाबा," ती म्हणाली आणि पेन घेऊन बसली. मला चहा विचारायचे ती विसरली. पोच मात्र मिळाली.

हे मी इतके सविस्तर सांगतो आहे, कारण मंडळाकडे आता तक्रार आली आहे. चौथ्या खंडाच्या एका प्रतीत मजकूर आढळला आहे. तो रोज वाढत असल्याचेही तक्रारीत म्हटले आहे. निर्दोष ठरलेल्या ग्रंथात लेखन करणे हा उघडच गंभीर प्रकार आहे. समिती पुन्हा बसणार आहे. त्या मजकुरात प्लेग परत आला आहे, असे कळताच युरोपतज्ज्ञांनी राजीनामा दिला, त्यामुळे एक जागा भरायची आहे, आणि त्यासाठी मी तुमचे नाव सुचवले आहे.

दचकू नका. पूर्ण विचार करून सुचवले आहे. तुम्ही मघापासून आम्हांला हसता आहात. सर थोर, कोश उत्तम, मंडळ मूर्ख, असे तुमचे मत केव्हाच बनले आहे. बनणारच. पण त्या कोशातली एक तरी नोंद तुम्ही वाचली आहे काय? मी दाखवलेली नाही. मीही वाचलेली नाही. तो अजोड आहे की अगदीच सुमार, हे मला खरोखर माहीत नाही. तुमच्यासमोर आली ती फक्त त्यातली एक चूक. एवढ्यावर तुम्ही ग्रंथ निर्दोष ठरवला, आणि तोही असा ठाम, की आता कोणी तो चांगला नाही म्हणाले तर तुम्ही भांडायला उठाल. असा सदस्य मंडळाला जाहिरात देऊनही मिळत नाही. तेव्हा बैठकीला वेळेवर यावे. येण्यापूर्वी कोश पाहायला मिळेल का, असे मात्र विचारू नये. आजवर कोणत्याच सदस्याला तो लागलेला नाही.